चौदा कनेक्टर

कनेक्टर उघडला आणि आतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली.

"पोपट्या, हे काय हाय?"

"चांदी."

"ते दिसतंय मला. ती हितं काय करतीया?"

"सैल बसत हुता रं कनेक्टर. मग गुंडाळली. आता हिसका मारून बघ, कसा घट्ट बसलाय."

मी हिसका मारला. अख्खा कनेक्टर माझ्या हातात आला आणि केबल खाली पडली. पोपटनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू चूक तिचीच होती.

आम्ही दोघं शाळेच्या स्लॅबवर उकिडवे बसलो होतो. बोरखड्याच्या जत्रेचा दिवस, दुपारचा एक वाजलेला, स्लॅब तव्यासारखा तापलेला. पोपट साळुंखे आणि मी, दिलावर मुल्ला, असा दोघांचा मिळून गावात केबलचा धंदा होता. सगळी बोलणी पोपट करायचा आणि सगळं काम मी. गिरणीच्या माडीवर आमची कंट्रोल रूम होती. त्या वर्षी पोपटच्या डोक्यात आलं, की जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान केबलवर लाइव्ह दाखवायचं. कल्पना चांगली होती, हे मी आजही मान्य करतो. पण कल्पना काढल्यावर पोपटनं गप्प बसायचं असतं, ते त्याला कधी जमलं नाही. मी आदल्या दिवशी बहिणीकडं कार्याला गेलो होतो. तेवढ्यात यानं मैदानापासून गिरणीपर्यंत केबल ओढून ठेवली. तीही शिल्लक राहिलेले सात तुकडे जोडून. सात तुकड्यांचे सहा जोड, आणि प्रत्येक जोडात चांदी.

"कुठलं कनेक्टर आणलंस?"

पोपटनं अभिमानानं पिशवी पुढं केली. दोनशे नग होते. मी एक उचलून पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"आरं, ह्ये जाड केबलचं हाय. आपली केबल बारीक."

"दुकानदारानं इचारलं, बारीक केबलचं देऊ का जाड केबलचं? म्हटलं, जाड दे. जाड म्हंजे मजबूत."

सासऱ्याची चप्पल जावयाच्या पायात घालून वर कापूस कोंबायचा, तसला प्रकार. या कनेक्टरचं शास्त्र काही अवघड नाही. केबलच्या पोटात एक तांब्याची तार असते, तिच्यावर पांढरं रबर, त्यावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात वर काळं कातडं. कातडं बेतानं सोलायचं, जाळी मागं दुमडायची, त्यात कनेक्टर ठासून बसवायचा आणि त्याची मागची कडी क्रिंपिंग टूलनं एकदाच दाबायची. कडी सहाही बाजूंनी सारखी दबते आणि जाळीला धरते. माप बरोबर असलं तर त्या जोडाला लोंबकळलं तरी तो निघत नाही. माप चुकलं तर कितीही दाबा, उपयोग शून्य. पोपटनं तर टूलही वापरलं नव्हतं. पकडीनं दाबून प्रत्येक कडी चपटी केली होती आणि केबल दातानं सोलली होती. दातानं! काळ्या कातड्यावर दात उमटलेले स्पष्ट दिसत होते.

"टूल कपाटात हुतं की रं."

"कपाटाची किल्ली तुझ्याजवळ."

हे मात्र खरं होतं. त्यामुळं मला आणखीच राग आला.

माझ्या पेटीत बारीक केबलचे चांगले कनेक्टर किती आहेत, ते मी मोजले. चौदा होते. सहा जोडांचे बारा आणि दोन टोकांचे दोन, म्हणजे बरोब्बर चौदा लागणार होते.

"बघ, देवानंच मोजून दिलं," पोपट म्हणाला.

"वस्तादांच्या घरचं इसरलास?"

पोपटचा चेहरा पडला.

तातोबा वस्ताद हे गावच्या तालमीचे वस्ताद. निम्म्या गावानं त्यांच्या काठ्या खाल्लेल्या. मीही लहानपणी तीन महिने तालमीत गेलो होतो. "पोरा, तुझं ध्यान डावात न्हाई, लंगोटाच्या गाठीत हाय," असं म्हणून त्यांनीच मला घरी पाठवलं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं, आणि हा डोंगराएवढा माणूस खाटेला खिळला. त्यांचा मुलगा आनंदा कोल्हापुरात तालमीत राहायचा. त्या दिवशी आमच्या मैदानात एक नंबरची कुस्ती त्याची होती, कर्नाटकातल्या बसू पैलवानाबरोबर.

बापलेकात दोन वर्षं बोलणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच मैदानात आनंदा चितपट झाला आणि तेव्हापासून वस्तादांनी त्याचं नाव टाकलं, असं सगळं गाव जाणून होतं. आजारपणात तो भेटायला आला, तेव्हाही त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आणि आठ दिवसांपूर्वी याच वस्तादांनी मला बोलावून घेतलं. एकेक शब्द ओढत म्हणाले, "दिलावर, मैदान टीव्हीवर दावणार म्हंत्यात. मला पोराची कुस्ती बघायची हाय. पार शेवटपातूर दिसली पायजे. मधी तुटाय नको."

मी म्हणालो होतो, "तुटली तर पुन्हा कनेक्टरला हात लावणार न्हाई, वस्ताद."

त्यांची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या सोप्यात आणली होती. टीव्हीही सोप्यात आणला, पण त्याची केबल सहा फूट कमी पडली. म्हणजे खिडकीपाशी एक जोड आला आणि त्याला दोन कनेक्टर. एकूण सोळा हवे होते आणि पेटीत चौदा.

"त्यांच्यातल्या जोडाला चांदी गुंडाळू," पोपट म्हणाला. "आधी गावाचं बघाय नको व्हय? चारशे घरं हायती."

"वस्तादांच्या घरात चांदी न्हाई."

"मग मेन लाइनीचा एक जोड कच्चा ऱ्हातोय. सगळ्या गावाचं जाईल."

"जाऊ दे म्हणत न्हाई मी. त्यो जोड तू धरून बसायचा."

"म्हंजे?"

"म्हंजे हितं, ह्या स्लॅबवर. दोनी टोकं दोनी हातांत, दाबून. एक नंबरची कुस्ती सुटूस्तवर हात काढायचा न्हाई."

"मी मालक हाय!" पोपट ओरडला. "मी मैदानात पुढं बसणार हुतो. सरपंचाच्या शेजारी."

"जाड कनेक्टर आणताना मालक नव्हतास?"

तो पुटपुटत राहिला, पण बसला. मी बाकीचे पाच जोड आणि दोन टोकं एकेक करत बदलत गेलो. प्रत्येक ठिकाणी नवीन वैताग होता. पाण्याच्या टाकीजवळच्या जोडात जाळीची एक तार आतल्या तारेला टेकलेली, तिनं सगळं चित्र खाल्लं असतं. सोसायटीच्या छपरावर याचं काम बघताना माकडानं पण हसावं अशी स्थिती. एका जोडाला तर यानं दोरा बांधून वर देवळातल्या नारळाला असतं तसं लाल कापड गुंडाळलं होतं. कशाला, ते अल्ला जाणे. साडेचारला मी गिरणीत येऊन टीव्ही लावला. मैदान स्वच्छ दिसलं. हलगी ऐकू आली. शेजारच्या दुकानदारानं खालूनच आरोळी दिली, "दिलावर, लई भारी आलंय!" मला थोडं बरं वाटलं.

शेवटचे दोन कनेक्टर खिशात घालून मी वस्तादांच्या घरी गेलो.

दारातच हौसाकाकींनी मला अडवलं. वस्तादांची बायको. हळू आवाजात म्हणाल्या, "दिलावरा, आत जायच्या आधी ऐक. डाक्टरनं सांगितलंय, ह्यांना धसका बसाय नको. आता दुसरा झटका आला तर माणूस हाती लागायचा न्हाई म्हणालाय."

"मग टीव्ही कशाला लावू, काकी?"

"न्हाई लावला तर रागानंच जातील." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तू कुस्ती सुटूस्तवर हितंच थांब. पोरगं पडाय लागलं, की मी खुणवीन. गपदिशी बंद कर. लाइन गेली म्हण."

"वस्तादांनी शेवटपर्यंत म्हटलंय."

"त्यांचं मरण मला बघाय लागंल, तुला न्हाई."

मान हलवली आणि आत गेलो.

खिडकीतला जोड मी असा केला, की तसा आयुष्यात परत केला नसेल. कातडं पात्यानं गोल कापलं, जाळीची एकेक तार मागं दुमडली, टूल दाबल्यावर कडी कशी बसली ते उजेडात धरून बघितलं. टीव्ही लावला. वस्ताद उशीला टेकून बसले होते. मैदानाची तांबडी माती पडद्यावर आली, तसा त्यांचा चांगला हात चादरीवर सपाट पसरला, जणू मातीच चाचपत होते.

"झक्कास," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून झक्कास हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

एक नंबरची कुस्ती साडेपाचला लागली. आनंदा अंगानं भरला होता. पहिली दहा मिनिटं त्यानं बसूला मैदानभर फिरवला. वस्तादांचा खांदा हलत होता. आनंदानं बसूच्या पायाला हात घालून पट काढला की इकडं खाटेवर खांदा पुढं जायचा. शेजारी शकूताईच्या घरात सगळी आळी टीव्हीपुढं गोळा झाली होती. तिथला गलका भिंतीतून येत होता.

मग बसूनं ताबा घेतला. आनंदा खाली गेला. बसू पाठीवर बसला आणि मानेवर गुडघा देऊन त्याला उताणं पाडण्यासाठी घिस्सा ओढायला लागला. आनंदा पाच मिनिटं मातीला चिकटून राहिला. त्याची छाती आणि एक गाल मातीत, आणि कॅमेरावाल्यानं नेमका तोच गाल मोठा करून दाखवला.

वस्तादांचा श्वास मोठा झाला. कपाळावर घाम आला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्याकडं बघत होतो, टीव्हीकडं नाही. पडद्यावर आनंदाचा एक खांदा वळायला लागला असावा, कारण शकूताईकडं बायका किंचाळल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. हौसाकाकी उभ्या होत्या. त्यांनी हात उचलला आणि बंद कर, अशी खूण केली.

मी खिडकीला पाठ लावून उभा होतो. हात मागं नेला, जोडाची नटबोल्टासारखी चकती चिमटीत धरली, चार आटे फिरवले आणि केबल अलगद ओढली.

पडद्यावर मुंग्या आल्या.

"लाइन गेली वाटतं," मी म्हणालो. "पोपट्यानं हात काढला आसंल. त्याच्या भरवशावर काम म्हंजे..."

वस्ताद पडद्याकडं बघत राहिले. मी टीव्हीच्या मागं वाकलो, एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, खिडकीतून बाहेर डोकावलो, पोपटला दोन शिव्या दिल्या. दिवसभर देत होतो, त्यामुळं त्या सहज आल्या. तेवढ्यात मैदानावरून मोठी आरोळी उठली. हलगी थांबली. मग पुन्हा सुरू झाली. पाच मिनिटं गेली असतील. वस्तादांच्या कपाळावरचा घाम काकींनी पुसला आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनीच बरं झालं म्हणाल्या. मलाही बरं झालं असंच वाटलं. माणूस वाचला. आणखी काय पाहिजे?

"दिलावर," वस्ताद म्हणाले.

"जी, वस्ताद. बघतोय मी."

"शकूच्या घरात चालू हाय."

मी तसाच वाकलेला राहिलो. भिंतीपलीकडून मैदानातल्या निवेदकाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता. मेन लाइन गेली असती तर सगळ्या गावाची गेली असती. हे वस्तादांना कळणार नाही, असं मी का धरून चाललो, कुणास ठाऊक. लुळ्या माणसाला आपण अडाणीही समजतो.

"मीच सांगितलं त्याला," काकी पुढं झाल्या. "पोरगं पडाय लागलं. तुमचं काय झालं आसतं?"

वस्तादांनी मान वळवली. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलले. "पडला, म्हणून दोन वर्सं... बोललो न्हाई... आसं वाटलं व्हय गं तुला?"

काकी खाटेच्या कडेला बसल्या.

"मी काय पडलो न्हाई? चाळीस येळा पडलोय." ते थांबले, दम घेतला. "त्यो पडला आनि पळाला. हात न्हाई दिला समोरच्याला. मातीला हात लावला न्हाई. माणसांतनं वाट काढून... चोरावानी." पुन्हा दम. "मला त्येची कुस्ती बघायची नव्हती. पडल्यावर काय करतो, ते बघायचं हुतं."

आमच्याकडं रीत आहे. हरलेल्या पैलवानानं उठायचं, जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा, माती कपाळाला लावायची आणि सगळ्या मैदानाला एक फेरी मारून मगच बाहेर पडायचं. मान खाली घालायची नाही. तालमीत डाव शिकवायच्या आधी वस्ताद पोरांना हे शिकवायचे. मला तीन महिन्यांत दुसरं काही आलं नाही, पण हे आलं होतं. तरीही 'शेवटपातूर' म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मला वाटलं, ते माझ्या जोडांविषयी बोलतायत.

"लाव," वस्ताद म्हणाले.

मी जोड लावला. चार आटे. दिवसभरात आलं नव्हतं इतकं स्वच्छ चित्र आलं. एक ठिपकाही नाही. मैदान रिकामं होतं, आणि दोन माणसं खोऱ्यानं माती सारखी करत होती.

तेवढ्यात दारातून पोपट आत आला. बोटं आखडून आकड्यासारखी वाकडी झालेली, तोंड उन्हानं लाल, पण चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद.

"दिल्या! एकदा बी हात काढला न्हाई! दीड तास! हातावरनं मुंगळा गेला, तरी न्हाई! कुस्ती सुटल्यावर एका पोराला धराय बसवलं, मगच आलो! गावात इचार कुणालाबी, एका घरातलं गेलं का?"

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"पोपट," ते म्हणाले, "तुला स्लॅबवरनं दिसत हुतं?"

"मैदान? सगळं दिसत हुतं की. लांबनं, पण दिसत हुतं." पोपट आनंदानं खाटेजवळ मांडी घालून बसला. "आनंदा पडला वस्ताद, पण लई टिकला. आनि पडल्यावर काय केलं ठावं हाय? उठला. बसूचा हात धरला आनि आपल्या हातानं वर केला, सगळ्यांना दावला. माती लावली कपाळाला. फेरी मारली, पुरी. मग कॅमेऱ्यापुढं येऊन उभा ऱ्हायला, आनि हात जोडलं. माणसं म्हणाली, वस्तादांसाठी. वस्ताद घरी बघत असतील म्हणून."

काकींनी तोंडाला पदर लावला.

"कॅसेट," मी म्हणालो. "पोपट्या, कॅमेऱ्यात कॅसेट हुती न्हवं?"

"कॅसेट कशाला? लाइव्ह हाय की."

त्याला मारावं का स्वतःला, हे मला कळेना. एवढ्यात वस्ताद म्हणाले, "परत सांग."

पोपटनं परत सांगितलं. या वेळी बसूचा हात दोनदा वर झाला. वस्तादांनी डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा म्हणाले, "परत." पोपट तिसऱ्यांदा सांगायला लागला. गोष्ट कॅमेऱ्यापाशी आली, तेव्हा वस्तादांनी डोळे उघडले.

"हात जोडलं, तवा मान कशी हुती? वर का खाली?"

पोपट माझ्याकडं बघायला लागला. आयुष्यभर थापा मारणारा माणूस, एक थाप मारायला काय हरकत होती? पण त्याच वेळी त्याला खरं बोलायचं सुचलं.

"लांबनं तेवढं न्हाई दिसलं, वस्ताद."

"शकूला हाक मारू का?" काकी घाईनं म्हणाल्या. "तिनं बघितलं आसंल. आख्ख्या गावानं बघितलंय."

"नगं," वस्ताद म्हणाले. ते टीव्हीकडं, त्या सारख्या केलेल्या मातीकडं बघत होते. "गावाला कशाला इचारू? पोरगं माझ्यापुढं उभं ऱ्हायलं हुतं."